जुन्या मशिनमधली खिडकीवाली आयसी: आधी वाचा, मग पुसा

जुन्या बोर्डावर एक लांबट आयसी असते. तिच्यावर मळकं स्टिकर, स्टिकरवर पेनानं लिहिलेला व्हर्जन नंबर, आणि स्टिकरखाली काचेची गोल खिडकी. ही ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरीची आयसी. मशिननं काय करायचं ते सगळं हिच्यात लिहिलेलं असतं.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात अशी मशिनं अजून पुष्कळ निघतात. एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधला जुना कंट्रोलर, कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटात पडलेलं ८०८५ प्रोसेसरचं ट्रेनर किट, मिरजेत रियाजाला वापरलेला पहिल्या पिढीतला इलेक्ट्रॉनिक तबला, ऑर्केस्ट्रावाल्यांचा कीबोर्ड. एखाद्या जुन्या शाळेच्या माळ्यावर शाळांत संगणक शिकवायच्या १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पातला बीबीसी मायक्रो संगणकसुद्धा सापडू शकतो. हे दुरुस्तीला गेलं की ठरलेलं उत्तर येतं: "आयसी उडाली, आता मिळत नाही, भंगारात द्या."

आयसी मिळते हो. मिळत नाही तो तिच्यातला मजकूर. बनवणारी कंपनी बंद झालेली असते, नाहीतर चालू असूनही तिच्याकडे चाळीस वर्षांपूर्वीची फाइल नसते. म्हणून या कामात क्रम चुकवायचा नाही. आधी वाचायचं, वाचलेलं जपायचं, आणि पुसायची ती दुसरी आयसी, मूळची नव्हे. नवख्या माणसाला लिहून बघायची घाई असते आणि वाट लागते ती तिथेच.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निम्म्या सूचना त्यावरूनच येतात. १९७१ साली इंटेलमध्ये डोव फ्रोहमन यांनी ईप्रॉम काढली. पहिली १७०२, तिच्यात जेमतेम २५६ बाइट मावत. प्रत्येक बिटाला एक ट्रान्झिस्टर, आणि त्यात चारी बाजूंनी ऑक्साइडनं बंद केलेलं एक गेट. जादा व्होल्टेज देऊन त्या गेटात इलेक्ट्रॉन कोंडले की बिट ० वाचला जातो, नाही कोंडले तर १. कोऱ्या आयसीत सगळीकडे एफएफ (म्हणजे बाइटातले आठही बिट १) दिसतं ते यामुळे. खिडकीतून अतिनील किरण आत गेले की कोंडलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि अख्खी आयसी एकदम कोरी होते. एखादाच बाइट पुसायची सोय नाही. माठातून पाणी झिरपावं तसे हे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं थोडे थोडे निसटतातही. गळतीची दिशा मात्र एकच: शून्याचा एक होतो. हे ध्यानात ठेवा, चौथ्या पायरीत कामाला येईल.

सामान

- यूएसबीवर चालणारा ईप्रॉम प्रोग्रामर, म्हणजे आयसी वाचणारं-लिहिणारं यंत्र. टीएल८६६-टू प्लस किंवा टी४८ चालेल. पहिला प्रोग्रॅमिंगसाठी १८ व्होल्टपर्यंतच जातो, टी४८ २५पर्यंत. जुन्या २७१६ किंवा २७३२ लिहायच्या असतील तर टी४८ घ्या. नुसत्या वाचायला दोन्ही चालतात.
- यूव्ही इरेजर, म्हणजे अतिनील दिव्यानं आयसी पुसायचा डबा. घरी करायचा असेल तर सातवी पायरी आधी वाचा.
- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर पंप, तांब्याची विक, फ्लक्स.
- २४ आणि २८ पायांची गोल पिनांची सॉकेट. पत्र्याच्या पट्टीची स्वस्त सॉकेट नकोत.
- मल्टिमीटर, आयसी पुलर, रिस्ट स्ट्रॅप आणि काळा फोम (स्थिर विजेपासून आयसी वाचवायला).
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, पेन्सिलीचा खोडरबर.
- एक वही. मोबाइलमधले फोटो हवेतच, पण वही वेगळी.

सॉकेट, सोल्डर, विक वगैरे सांगलीतल्या दुकानात मिळून जातं. ईप्रॉम मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधावी लागते, नाहीतर ऑनलाइन. ऑनलाइन येणारा माल बहुतेक जुन्या बोर्डांवरून काढलेला असतो. त्याला माझी हरकत नाही, पण त्यात वरचा नंबर घासून दुसरा छापलेल्या आयसीही येतात. कापसावर अल्कोहोल घेऊन नंबर चोळा. शाई उतरली तर तो नंबर खरा धरू नका.

१. नंबर ओळखा

स्टिकरवरचा नंबर प्रोग्रॅमचा. आयसीचा नंबर स्टिकरच्या खाली किंवा कडेला, सिरॅमिकवर छापलेला असतो. तो वाचायला स्टिकरची एक कड हळूच उचला, फोटो काढा, परत दाबून बसवा. खोलीत हे करायला भीती नाही. इंटेलच्या डेटाशीटप्रमाणे साध्या ट्यूबलाइटनं आयसी पुसायला साधारण तीन वर्षं लागतात, थेट उन्हात मात्र आठवडाभर. त्यामुळे अंगणात उन्हात बसून हे काम करू नका आणि स्टिकर फेकूनही देऊ नका. त्यावर कधीकधी चेकसमही (सगळ्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिलेला असतो, आणि तुमचं वाचन बरोबर आहे की नाही याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा.

२७च्या पुढचा आकडा किलोबिट सांगतो. त्याला आठनं भागलं की किलोबाइट निघतात. लिहिण्याचं व्होल्टेज असं:

- २७१६: २ केबी, २४ पाय, २५ व्होल्ट
- २७३२: ४ केबी, २४ पाय, २५ व्होल्ट; २७३२ए असेल तर २१
- २७६४: ८ केबी, २८ पाय, २१ व्होल्ट, २७६४ए असेल तर १२.५
- २७१२८: १६ केबी, २८ पाय, २१ व्होल्ट, २७१२८ए असेल तर १२.५
- २७२५६: ३२ केबी, २८ पाय, १२.५ व्होल्ट
- २७५१२: ६४ केबी, २८ पाय, १२.५ व्होल्ट

मध्ये ‘सी’ असलेल्या, म्हणजे २७सी६४, २७सी२५६ अशा आयसी सीमॉस. त्या साधारण १२.५ ते १३ व्होल्टवर लिहिल्या जातात. शेवटचा ‘ए’ शोभेचा नाही. १२.५च्या आयसीला २१ दिले तर ती जागेवर मरते. आणि कंपनीनुसार यात फरक पडतात, म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत कंपनीचं नाव आणि नंबर दोन्ही जुळवूनच निवडा. ‘साधारण तसलीच’ निवडू नका.

रेघेनंतरचा आकडा वेगाचा. -२५ म्हणजे २५० नॅनोसेकंद, -४५ म्हणजे ४५०. हळू आयसीच्या जागी वेगवान चालते, उलट चालत नाही. ८६३२ असा चार आकडी नंबर दिसला तर तो बहुधा तारखेचा: १९८६चा ३२वा आठवडा.

आता फसवणाऱ्या आयसी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ ही नावानं २७१६, पण तिला +१२, +५ आणि -५ असे तीन पुरवठे लागतात. २७०८चंही तेच. या दोन्ही आजच्या साध्या प्रोग्रामरमध्ये घालायच्याच नाहीत. त्याच कंपनीची २५३२ आणि इतरांची २७३२ यांच्या पायांची मांडणी वेगळी. ४० पायांची खिडकीवाली आयसी दिसली तर ती ८७४८ किंवा ८७५१सारखी मायक्रोकंट्रोलर असू शकते, तो प्रकारच निराळा. खिडकी नसलेली प्लास्टिकची २७सी आयसी एकदाच लिहिता येते. ती वाचता येईल, पण पुसता येणार नाही.

२. वीज काढण्याआधी सेटिंग उतरवून घ्या

ही पायरी नवखे हमखास विसरतात. मशिन अजून थोडंफार चालत असेल तर स्क्रीनवरचे सगळे पॅरामीटर वहीत लिहून घ्या. जुन्या सीएनसीत आणि कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये असतो, पण सेटिंग बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये असतं. बॅटरी मेलेली असली आणि तुम्ही मेन स्विच काढला, की सेटिंग गेलंच. मग ईप्रॉम कितीही छान वाचली तरी मशिन ‘मी कोण’ म्हणून उभं राहतं. कीबोर्डमधल्या आवाजांच्या बँकांचंही तसंच. बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी फुगलेली किंवा हिरवट पाझरलेली दिसली, तर सेटिंग उतरवल्यावर ती पहिल्यांदा काढा. तिचा द्राव ट्रॅक खाऊन टाकतो.

३. आयसी काढा

आधी फोटो. आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती कुठल्या बाजूला आहे ते फोटोत स्वच्छ दिसलं पाहिजे. एकापेक्षा जास्त ईप्रॉम असतील तर प्रत्येकीच्या जागेचा नंबर (यू७, यू८ असा बोर्डावर छापलेला असतो) वहीत लिहा. ८०८६ किंवा ६८००० प्रोसेसरच्या बोर्डावर ईप्रॉम जोडीनं असतात, एकीत सम पत्त्यांचे (पत्ता म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक) बाइट, दुसरीत विषम. अदलाबदल झाली की मशिन ठप्प.

सॉकेटमध्ये असेल तर पुलरनं किंवा पातळ स्क्रूड्रायव्हरनं एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला थोडं थोडं उचला. एका बाजूनं ओढली की दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि चाळीस वर्षांचा पाय पुन्हा सरळ करताना तुटतो.

सोल्डर केलेली असेल तर प्रत्येक पायावर आधी थोडं नवं सोल्डर द्या. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही. मग पंप. तपकिरी फिनॉलिक बोर्ड असेल तर फार जपून, त्यावरचे ट्रॅक उष्णतेनं सुटून वर येतात. एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त आयर्न ठेवू नका, नाही निघालं तर दुसऱ्या पायाकडे जा आणि नंतर परत या. पाय कापून काढायचा सोपा मार्ग खराब रेझिस्टरला चालतो, इथे नाही.

२०१९च्या महापुरात बुडालेले बोर्ड अजूनही कुणाकुणाच्या पोत्यात असतात. अशा बोर्डाला वीज न देता आधी ईप्रॉम काढून घ्या. सिरॅमिकची आयसी सीलबंद असते, पाण्यानं आतला मजकूर जात नाही. गंजतात ते पाय, आणि कृष्णेचा गाळ सॉकेटच्या आत दगडासारखा बसतो. बोर्ड स्वच्छ पाण्यानं आणि मग अल्कोहोलनं ब्रश मारून धुवा. सॉकेट मात्र बदलाच, ते साफ करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

४. वाचा, आणि एकदा वाचून थांबू नका

पाय काळे पडलेले असतील तर खोडरबरनं अलगद घासा, अल्कोहोलनं पुसा. प्रोग्रामरच्या सॉकेटमध्ये खाच कुठे यायला हवी ते सॉफ्टवेअर चित्रात दाखवतं. उलटी बसली तर पुरवठा आणि ग्राउंड उलटे होतात, आयसी चटका बसेल इतकी तापते आणि बहुधा जाते.

वाचायच्या आधी सॉफ्टवेअरमधली ‘चेक आयडी’ची खूण काढून टाका. आयडी वाचायला प्रोग्रामर एका पत्त्याच्या पायावर बाराएक व्होल्ट देतो. फार जुन्या आयसीत आयडीच नसतो, मग त्या पायाला हा त्रास कशाला?

वाचन झालं की चेकसम वहीत लिहा आणि फाइल बायनरी म्हणून सेव्ह करा. मग आयसी काढून पुन्हा बसवा, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदाही. तिन्ही चेकसम सारखे आले तर उत्तम. नाही आले तर दोनच शक्यता: पायांचा संपर्क नीट नाही, किंवा आयसी गळायला लागली आहे. पाय पुन्हा साफ करूनही आकडे हलत असतील तर दुसरी.

गळकी आयसी वाचवायची युक्ती आहे. प्रोग्रामरमध्ये सोय असेल तर वाचायचं व्होल्टेज ५वरून ४.५ किंवा ४ करा. गेटात थोडेच इलेक्ट्रॉन उरलेले असतील तर जास्त व्होल्टेजवर तो बिट १ वाचला जातो, कमी व्होल्टेजवर पुन्हा ० दिसू शकतो. अशी चार-पाच वाचनं घ्या आणि एकमेकांशी ताडून बघा. जिथे एका वाचनात ० आणि दुसऱ्यात १ आहे तिथे ० वर जास्त भरवसा ठेवा, कारण गळती शून्याकडून एकाकडेच जाते. सगळ्या वाचनांचं ‘अँड’ (एकातही ० असेल तर ०) काढलं की हेच आपोआप होतं. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) किंवा चार ओळींच्या पायथन प्रोग्रॅममध्ये जमतं.

या घडीला फाइल दोन वेगळ्या जागी ठेवा. नाव ‘नवीन१’ असलं ठेवू नका. मशिनचं नाव, बोर्डावरची जागा, आयसीचा नंबर, स्टिकरवरचं व्हर्जन, चेकसम, तारीख, हे सगळं नावातच येऊ द्या.

आपल्याच मशिनच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. ती प्रत विकायला नाही.

५. फाइल खरी आहे का?

चेकसम तीनदा जुळला म्हणजे वाचन स्थिर आहे एवढंच कळलं. बरोबर आहे असं नाही, कारण एखादा पाय कायमचाच टेकत नसेल तर चूकही तीनदा सारखीच येईल. म्हणून फाइल हेक्समध्ये उघडून डोळ्यांखालून घाला.

सगळं एफएफ असेल तर आयसी कोरी आहे, नाहीतर संपर्कच झालेला नाही. फाइलचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा तंतोतंत सारखा असेल तर तुम्ही मोठ्या आयसीचा नंबर निवडलाय, किंवा पत्त्याचा एखादा पाय टेकत नाही. प्रत्येक बाइटात तोच एक बिट चिकटून बसलेला दिसला तर डेटाचा पाय तपासा.

मग सुरुवातीचे बाइट बघा. ८०८५ आणि झेड८० हे दोघे चालू झाले की पत्ता ०००० पासून वाचायला लागतात. तिथे बऱ्याचदा सी३ असतं, म्हणजे ‘उडी मार’, आणि पुढचे दोन बाइट उडीचा पत्ता, खालचा बाइट आधी. समजा सी३ ५० ०० दिसलं, तर प्रोसेसर ००५० वर जाणार. तिथेही कोड दिसतोय का ते बघा. त्या जागी नुसतं एफएफ असेल तर काहीतरी गडबड आहे. ८०३१ किंवा ८०५१ असेल तर सुरुवातीला बहुधा ०२ असतं, तीही उडीच, फक्त तिच्यात पत्त्याचा वरचा बाइट आधी येतो. ६५०२चं उलटं, त्याचा सुरुवातीचा पत्ता मेमरीच्या अगदी शेवटी असतो, एफएफएफसी आणि एफएफएफडीवर. भारतात डीबी स्पेक्ट्रम म्हणून विकला गेलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हातात आला, तर त्याची रॉम एफ३ एएफ ११ एफएफ एफएफ अशी सुरू व्हायला हवी.

उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात मशिनच्या डिस्प्लेवर येणारे शब्द सापडले की जीव भांड्यात पडतो. एरर, सेट, टाइमर असं काहीतरी असतंच. त्या शब्दांत मधलंच एखादं अक्षर भलतं असेल तर गळलेला बिट तिथे आहे, आणि तो हातानं दुरुस्तही करता येतो. कोडमधला गळलेला बिट असा दिसत नाही. त्यासाठी डिसअसेम्ब्लर (बाइटांवरून प्रोसेसरच्या सूचना उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बसावं लागतं.

६. लिहायला कुठली आयसी घ्यायची?

सरळ मार्ग: त्याच नंबरची दुसरी. पण इरेजर नको असेल तर विजेवर पुसल्या जाणाऱ्या आयसी वापरता येतात, आणि आता मी तरी शक्यतो त्याच सुचवतो.

२७१६च्या जागी २८सी१६ चालते. २७१६चा २१वा पाय प्रोग्रॅमिंग व्होल्टेजचा, २८सी१६चा तोच पाय ‘राइट’चा. बोर्डावर तो ५ व्होल्टला बांधलेला असेल तर २८सी१६ फक्त वाचली जाते, आपल्याला तेवढंच हवं. मल्टिमीटर लावून खात्री करा. हिच्यामुळे २५ व्होल्टचा प्रश्नच मिटतो. २७६४च्या जागी २८सी६४, तिथे २७वा पाय ५ व्होल्टला आहे का ते बघायचं.

२७२५६च्या जागी २८सी२५६ मात्र सरळ बसवू नका. आकडे सारखे दिसतात, पण पहिल्या आणि २७व्या पायांची कामं वेगळी आहेत.

विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ ही माझी आवडती. प्रोग्रामरमध्येच पुसली जाते आणि लहान आयसींच्या जागीही चालते. अट एवढीच की फाइल पुन्हा पुन्हा लिहून ६४ केबी भरायची: २७२५६साठी दोनदा, २७१२८साठी चारदा, २७६४साठी आठदा. कारण लहान आयसीत वेगळ्या कामाचे असलेले पाय हिच्यात वरच्या पत्त्याचे असतात आणि बोर्डावर ते बहुधा ५ व्होल्टला बांधलेले असतात. एकदाच लिहिलं तर प्रोसेसर भलत्याच, कोऱ्या भागात वाचत बसतो. सगळीकडे तोच मजकूर असला की तो कुठेही गेला तरी बिघडत नाही.

७. पुसायची असेल तर

किरण २५३.७ नॅनोमीटरचे लागतात. नोटा तपासायचा निळा दिवा किंवा ब्यूटी पार्लरमधला नेलपॉलिश वाळवायचा दिवा यांनी काही होत नाही, ते ३६५च्या आसपासचे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात पाऱ्याच्या वाफेची जी यूव्ही नळी असते ती मात्र बरोबर २५४ची. तिचा सुटा भाग चोकसकट मिळतो. काही नवीन यंत्रांत एलईडी असतो, तो घेऊ नका.

नळी पत्र्याच्या बंद डब्यात बसवा आणि झाकण उघडलं की दिवा बंद होईल असा मायक्रोस्विच लावा. हा स्विच नसेल तर डबा वापरूच नका. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, ते कुपवाडच्या कुठल्याही वेल्डरला विचारा. या किरणांनी तेच होतं, आणि दिवा फिकट निळा, निरुपद्रवी दिसत असल्यामुळे माणूस बघत राहतो. त्वचाही भाजते.

खिडकीवरचा गोंद अल्कोहोलनं पूर्ण काढा. आयसी नळीपासून इंचभर अंतरावर, खिडकी वर. मध्ये साधी काच ठेवायची नाही, ती हे किरण अडवते. आयसीची खिडकी क्वार्ट्झची असते ती त्यासाठीच. कंपनीच्या इरेजरमध्ये पंधरा-वीस मिनिटं पुरतात, घरच्या डब्यात जास्त लागू शकतात. ‘ब्लँक चेक’ (आयसी कोरी झाली का ही सॉफ्टवेअरची तपासणी) पास झाला की आणखी निम्मा वेळ ठेवा. काठावर पुसलेली आयसी आज कोरी वाचते आणि लिहिल्यावर दगा देते.

८. लिहा आणि पडताळा

नंबर, कंपनी, व्होल्टेज पुन्हा एकदा बघा. ब्लँक चेक, मग प्रोग्रॅम, मग व्हेरिफाय. जुन्या २७१६ला दर बाइटाला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे २ केबीला दीड-पावणेदोन मिनिटं. सॉफ्टवेअर अडकलं असं समजून केबल काढू नका.

व्हेरिफाय झाल्यावर आयसी काढून, बसवून परत वाचा आणि चेकसम वहीतल्याशी जुळवा. (फाइल आठदा भरली असेल तर चेकसम वेगळा येणारच, तो भरलेल्या फाइलशी जुळवायचा.) खिडकीवर अपारदर्शक चंदेरी लेबल लावा. काळी इन्सुलेशन टेप नको, तिचा गोंद गरमीत पाघळतो.

९. बसवण्याआधी पुरवठा मोजा

नवी आयसी न घालता मशिन चालू करा आणि रिकाम्या सॉकेटवर मोजा. २८ पायांच्या सॉकेटला १४वा पाय ग्राउंड, २८वा +५. २४ पायांच्याला १२वा आणि २४वा. ४.७५ ते ५.२५च्या मध्ये आकडा हवा. जुन्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात, त्यामुळे ५च्या जागी कमी किंवा डळमळीत व्होल्टेज मिळतं, आणि रेग्युलेटर गेला असेल तर जास्तही. ‘ईप्रॉम गेली’ म्हणून आलेल्या कितीतरी बोर्डांत दोष या कपॅसिटरचा असतो आणि ईप्रॉम ठणठणीत असते.

वीज काढा, थोडं थांबा, खाच फोटोशी जुळवा, आयसी बसवा, एकही पाय बाहेर किंवा आत दुमडलेला नाही ना ते कडेनं बघा, आणि चालू करा. २८ पायांच्या सॉकेटमध्ये २४ पायांची आयसी असेल तर ती खालच्या टोकाला सरकवून बसते, म्हणजे तिचा पहिला पाय सॉकेटच्या तिसऱ्यात. वरचे चार रिकामे राहतात.

ज्याला हात लावायचा नाही

वजनकाटा. आपल्या भागात साखर कारखाने आणि गुऱ्हाळं आहेत, त्यामुळे जुन्या काट्याचे इंडिकेटर कुणी ना कुणी घेऊन येतंच, आणि काही जण थेट विचारतात, "यात थोडं ‘ॲडजस्ट’ होईल का?" वापरातल्या काट्याला वजनमापे खात्याचं सील असतं. ते तोडून आतला प्रोग्रॅम बदलणं हा वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ खाली गुन्हा आहे, आणि काटा मारलेला ऊस शेवटी आपल्याच कुणाच्या तरी शेतातला असतो. खरी दुरुस्ती असली तरी ती परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून आणि पुन्हा मुद्रांकन करूनच. वीज मीटर आणि पेट्रोल पंपाची यंत्रं यांनाही हात लावायचा नाही.

अडलात तर

मूळ आयसी काळ्या फोममध्ये खोचून, डब्यात घालून मशिनच्याच आत ठेवून द्या. नव्या आयसीवर मशिन महिनोन्‌महिने चाललं तरी तिला पुसू नका. कुणाला मदत विचारताना ‘मशिन चालत नाही’ एवढंच सांगू नका. आयसीचा पूर्ण नंबर, बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो, तिन्ही वाचनांचे चेकसम, फाइलचे पहिले सोळा बाइट आणि सॉकेटवर मोजलेलं व्होल्टेज पाठवा. बहुतेक वेळा जाणकाराला तेवढ्यावरून सांगता येतं की दोष आयसीत आहे, सॉकेटमध्ये आहे की पॉवर सप्लायमध्ये.